पोटातले लाखो

“भंते, माझं शील मोडलं का?”

पेजेचा वाडगा पुढ्यात तसाच होता. बोधिरत्नाने त्याला हात लावला नव्हता.

टेकडीवरच्या त्या विहारात सात वर्षांत या श्रामणेराच्या, शिकाऊ भिक्खूच्या, पायाखाली मुंगी आली नव्हती. पाऊल तो जपून टाकी. कुणी बघत असलं की आणखी जपून.

गेल्या आठवड्यात त्याला रक्ती हगवण लागली. खालच्या गावातल्या डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं, गोळ्या दिल्या. काल दवाखान्यातून सोडताना त्या म्हणाल्या, “आतड्याने जंतू तिथल्या तिथे अडवले, रक्तात उतरू दिले नाहीत. पांढऱ्या पेशींनी लाखोंनी गिळले, म्हणून निभावलं.”

तेव्हापासून अन्न त्याच्या घशाखाली उतरेना.

“लाखोंनी, भंते... माझ्या पोटात.”

भंते ज्ञानरक्षित चीवर घेण्याआधी तीस वर्षं सरकारी दवाखान्यात सूक्ष्मदर्शकापाशी बसलेले. त्यांनी विचारलं,

“एरवी पोटात जंतू नसतात?”

“असतात. कोट्यवधी. पण ते पचनाला मदत करतात. ते आपले.”

“आपले कोण, हे तू ठरवलंस?”

“...नाही.”

“आतड्याची भिंत फोडून घुसणाऱ्यांना अडवायचं, हे तू ठरवलंस?”

“तेही नाही.”

“मग तुझं काय मोडलं?”

सुटल्याचं बोधिरत्नाला बरं वाटायला हवं होतं. उलट आपण काहीच केलं नाही, हे कुठेतरी लागलं.

भंते गुडघ्यांवर हात टेकत उठले. त्याच्यासमोर आले, खाली बसले, आणि त्याच्या पोटाकडे बघत त्यांनी जमिनीला कपाळ टेकलं.

बोधिरत्न दचकून मागे सरला. थोरांनी धाकट्याला वंदन करायचं?

“भंते, हे काय करता?”

“तुला नाही.” भंते सावकाश ताठ झाले. “जंतू ज्या पेशींत शिरले, त्यांनी काय केलं, बाईंनी सांगितलं?”

“नाही.”

“भिंतीवरची पकड सोडली. जंतूंना कवेत घेऊन गळून पडल्या. शेजारच्यांनी सरकून जागा भरून काढली. भिंतीला भोक पडू दिलं नाही. काचेखाली पाहिल्यात मी गळून पडलेल्या...”

“माझ्यासाठी?”

“तुझं नावही ठाऊक नव्हतं त्यांना.”

अंगणातल्या कडुनिंबावर साळुंक्या भांडत होत्या. बोधिरत्न कितीतरी वेळ आपल्या पोटाकडे बघत राहिला, जणू ते त्याने आजच पाहिलं. डोळे भरून आले.

तेवढ्यात पोटात मोठ्ठं गुरगुरलं.

त्याने चमकून वर पाहिलं. भंत्यांच्या ओठांचा कोपरा हलला. मग दोघंही हसत सुटले. आठवडाभर आजारी असलेला माणूस हसतो तसा तो हसला, पोट धरून, दम लागेपर्यंत.

दम खाऊन त्याने हात जोडले.

“किती जणांना वंदन करू, भंते?”

भंत्यांनी वाडगा त्याच्याकडे सरकवला.

“आधी पेज पी. आत सगळे खोळंबलेत.”