दुर्गीच्या दारी आलेले पाहुणे

एक होती बाग. बाग राजाची, पण शहरात नव्हती बरं का. शहरापासून चांगली चार कोस लांब, शेतं आणि माळ ओलांडून, टेकड्यांच्या कुशीत होती. सकाळी एका दारानं आत शिरावं, तर दुसरं दार यायला दिवेलागण व्हायची. राजाला झाडांचा भारी नाद. समुद्रकाठची, वाळवंटातली, डोंगरमाथ्यावरची, जिथली मिळतील तिथली झाडं त्यानं आणून लावली होती.

बागेजवळच्या गावात दुर्गी नावाची मुलगी राहायची. नाव दुर्गेचं आणि काळीज सशाचं. कुणी कडी वाजवली की दचकायची. तव्यावरची भाकरी फुस्स झाली तरी दचकायची. घरात ती आणि तिची आई, दोघीच.

एकदा काय झालं, आईची झोपच गेली. एक रात्र गेली, दोन गेल्या, एकवीस रात्री गेल्या. डोळ्याला डोळा नाही. आई वाळून काडी झाली. मग दुर्गीनं वैद्यबुवांना बोलावलं. त्यांनी नाडी धरली ती बराच वेळ सोडलीच नाही. शेवटी म्हणाले, "पोरी, उद्याचा सूर्य मावळायच्या आत हिचा डोळा लागला पाहिजे. नाही लागला, तर माझ्या हातात काही नाही."

"औषध सांगा," दुर्गी म्हणाली.

"राजाच्या बागेत, पार दुसऱ्या टोकाला, निजवंती म्हणून एक वीतभर झुडूप आहे. तिची तीन पानं आण. पण तशीच ओरबाडून आणलीस तर तो पाला झाला, औषध नव्हे. आज संध्याकाळी, निजवंती पानं मिटेल तेव्हा, तिच्यावर अक्षत टाकायची. उद्या आमच्या घरी या, म्हणायचं. मग ती पानं उघडेल तेव्हा मानानं घेऊन यायचं. ज्याच्यावर अक्षत पडली, त्यालाच निमंत्रण. रीत आहे ती."

मग दुर्गीनं आईला शेजारच्या गजराकाकूंच्या हवाली केलं. मूठभर तांदळाला कुंकू लावलं. भाकरी-चटणी फडक्यात बांधली आणि निघाली.

बागेच्या दाराशी सगुणा माळीण बसली होती. तिनं दुर्गीकडं पाहिलं आणि म्हणाली, "एवढी कशाला थरथरतेस गं? झाडं चावत नाहीत."

आत गेली तर काय. तळ्यात परातीएवढाली पानं तरंगत होती आणि एका पानावर बगळा चक्क डुलक्या काढत होता. एक गोरखचिंच तर अशी, की आठ माणसांनी हात धरले तरी बुंध्याला वेढा पडायचा नाही. कुठून चाफ्याचा वास, कुठून ओल्या मातीचा. दुर्गी बघतच राहिली. घटकाभर तिला आईचा विसर पडला, आणि मग त्याचंच वाईट वाटलं. भराभर चालायला लागली.

चालता चालता फणसाखाली आली. तोच मागं एक पिकला फणस पडला, धप्प. दुर्गी अशी दचकली, की हात वर गेला आणि चिमूटभर अक्षता उडाल्या. पुढं बांबूच्या बेटाशी मोर ओरडला. पुन्हा दचकली, पुन्हा अक्षता उडाल्या. त्या फणसावर पडल्या, बांबूवर पडल्या, वाऱ्यानं मागं गोरखचिंचेवर गेल्या, कुठं कुठं पडल्या. तिनं मूठ घट्ट धरली आणि चालत राहिली.

दिवस मावळता मावळता निजवंती सापडली. एवढीशी, नाजूक. एकेक पान मिटत होती. दुर्गीनं हात जोडले, अक्षता टाकायला मूठ उघडली, आणि नेमका एक बेडूक तिच्या पायावर टुणकन बसला. झालं. उरलेल्या साऱ्या अक्षता शेजारच्या निवडुंगावर. पण अंधारून आलं होतं, दुर्गीला ते दिसलं नाही. ती आपली म्हणाली, "उद्या आमच्या घरी या हं." मग तिला शोधत आलेल्या सगुणेनं तिला बैलगाडीत घालून घरी पोचवलं.

सकाळी निघायचं म्हणून दुर्गीनं दार उघडलं, तर अंगणात ऊनच नाही. वर पाहते तो फणस उभा. त्याच्यामागं बांबूचं बेट. त्याच्यामागं गोरखचिंच, तिला गल्लीत वळता येईना म्हणून आडवी झालेली. कोपऱ्यात निवडुंग, कुणाला काटा लागू नये म्हणून अंग चोरून. आणि सगळ्यांच्या मागं हातात झारी घेऊन धावत येणारी सगुणा माळीण. "अहो, चला की परत," ती म्हणत होती. "राजाला मी काय सांगू?"

फणस म्हणाला, "दुर्गीचं घर हेच का? अक्षत मिळाली आम्हाला."

गजराकाकू घागर घेऊन बाहेर आल्या. "दुर्गे, तुझ्या पाहुण्यांना म्हणावं विहिरीची वाट सोडा," त्या म्हणाल्या. त्यांना कशाचंच नवल वाटायचं नाही.

दुर्गीनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. निजवंती कुठंच नव्हती.

"ती नाही आली," निवडुंग हळूच म्हणाला. "अक्षत माझ्यावर पडली ना. आणि ती मानी आहे. बोलावल्याशिवाय कुणाच्या घरी जायची नाही."

आज संध्याकाळी बोलावलं तर ती उद्या येणार. आणि आईजवळ तर आजचाच दिवस. ती उंबऱ्यावर बसली आणि रडली.

पण दारी पाहुणे उभे होते बरं का. आपणच बोलावलेले. कसेही आले असले, तरी तसेच उभे कसे ठेवायचे? तिनं पदरानं तोंड पुसलं. घरातला होता नव्हता तो गूळ काढला. विहिरीवरून कळशी भरभरून आणली, आणि एकेकाच्या मुळाशी गूळपाणी घातलं. निवडुंगानं अर्धी वाटीच घेतली. "पुरे," म्हणाला, "मला सवय नाही."

झाडं पाणी प्यायली. मग गोरखचिंच बोलली. "मी पाचशे वर्षांची, बागेच्याही आधीची. लोक येतात, पानं तोडतात, सालीवर नावं कोरतात, जातात. 'या, बसा, पाणी घ्या,' असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं मला. पोरी, रडू नकोस. ये, माझ्या फांदीवर बस."

आणि काय सांगू, गेली की सगळी वरात बागेत. झाडांची पावलं केवढाली. दुपारच्या आत निजवंतीपाशी पोचली.

ऊन रणरणत होतं. निजवंती पानं पसरून बसली होती. मग गोरखचिंच वाकली. फणस वाकला. बांबूंनी शेंडे एकमेकांत गुंफले. बाकीची झाडंही सरकत सरकत आली. फांदीला फांदी, पानाला पान. कवडसासुद्धा उरला नाही. भर दुपारी त्या झुडपाभोवती संध्याकाळ झाली.

निजवंतीनं एकेक पान मिटायला घेतलं.

"बोलाव आता," फणस कुजबुजला.

"अक्षत कुठाय?" दुर्गी म्हणाली. "सगळी सांडली."

"माझ्या काट्यांत एक दाणा अडकलाय. घे."

दुर्गीनं तो दाणा घेतला. तेवढ्यात अंधारात तिच्या पायावरून काहीतरी सरसर गेलं. ती दचकली. चांगली दचकली. पण मूठ मिटलेली होती. मग तिनं खाली बसून, अगदी जवळ जाऊन, तो दाणा निजवंतीच्या माथ्यावर ठेवला. म्हणाली, "माझी आई एकवीस रात्री झोपली नाही. आमच्या घरी या."

सगळी झाडं हळूच बाजूला झाली. ऊन आलं. निजवंतीनं पानं उघडली.

"इतकी काही मी खुळी नाही," ती म्हणाली. "दुपार आहे हे कळतं मला. पण ही एवढी मोठी माणसं वीतभर झुडपासाठी वाकली. मग नाही कसं म्हणू? तीन पानं ने."

दुर्गी घरी आली तेव्हा सूर्य टेकडीवर टेकला होता. तिनं पानं वाटली, मधात कालवली, आईच्या जिभेवर ठेवली. आईनं एक जांभई दिली. मग दुसरी. तिसरी अर्धीच राहिली आणि डोळा लागला. सूर्य त्यानंतर मावळला.

आई दोन दिवस झोपली. दुर्गी दर घटकेला तिच्या नाकाखाली बोट धरून बघायची, श्वास चालू आहे ना. गजराकाकूंनी उखळ उचलून लांब नेलं. तिसऱ्या दिवशी आई उठली आणि म्हणाली, "भूक लागली गं."

मग दुर्गी बागेत गेली आणि एकेका झाडाला नाव घेऊन पाया पडली. निवडुंगाला जरा लांबून.

राजाच्या कानावर हे गेलं. तो रागावला नाही. म्हणाला, झाडांनाही वर्षाकाठी एक दिवस घराबाहेर पडावंसं वाटणारच. तेव्हापासून त्या गावात दरवर्षी एक दिवस अक्षत निघते. झाडं घरोघरी येतात, गूळपाणी पितात आणि संध्याकाळी आपापल्या जागी जाऊन उभी राहतात. दुर्गी अजून कडी वाजली की दचकते, पण दार उघडते.

अशी ती सगळी सुखानं राहिली. आपणही राहू. तिची आई झोपली, झाडं झोपली, आता तुम्ही झोपा. पांघरूण घ्या बघू नीट.