घराकडे तोंड

कोळशाच्या इंजिनांचा जमाना होता तेव्हाची गोष्ट. घाटाखालच्या एका स्टेशनात इंजिन वळवायची मोठी लोखंडी चकती होती. गाडी पोचवून आलेलं इंजिन तिच्यावर चढायचं. तोल नेमका मधोमध जमला की दोन माणसं दांड्याला रेटा देत, आणि इंजिनाचं तोंड घराकडे वळे.

पुढे ती इंजिनं गेली. चकती खड्ड्यात गंजत पडली. मग एकदा क्रेन आली, चकतीला शहरातल्या संग्रहालयात घेऊन गेली. तिथे तिला घासून रंगवलं, बसवलं आणि वर एक इंजिन ठेवलं. वजनावरूनच तिने ओळखलं, हा तर आपला भैरू!

भैरूच्या कपाळावरचा दिवा कुणीतरी काढून नेला होता, त्यामुळे त्याला दिसत नव्हतं.

"तोल जमला का गं?" त्याने विचारलं.

"अगदी जमला. आता माणसं येतील."

माणसं आली. संग्रहालयाच्या प्रमुख पेंढारकर बाई मिस्त्रीला म्हणाल्या, "इथे लहान मुलं येतात. ही चकती फिरली आणि कुणाचा पाय अडकला तर? जाम करून टाका." बाईंचंही काही चुकलं नव्हतं. मिस्त्रीने घणाने पाचरी ठोकल्या आणि वेल्डिंग केलं.

हादरा बसताच भैरू हरखला. "रेटा दिला ना? वळलो मी? झालं तोंड घराकडे?"

त्याच्यासमोर हातभर अंतरावर भिंत होती. चकतीने जन्मात कुणाला चुकीची दिशा दाखवली नव्हती.

"झालं," ती म्हणाली. "आता फक्त सिग्नल पडायची वाट बघ."