राणीसरकारांची मिशी

राणीसरकारांना मिशी फुटली! प्रत्यक्षात नव्हे हो, चित्रात.

झालं असं की गर्जनराव महाराजांनी दरबारात भिंतभर ओएलईडीचा पडदा लावला होता. कणाएवढे असंख्य दिवे, प्रत्येक आपापला उजळणारा. काळं दाखवायचं तर तेवढे दिवे नुसते विझून बसत. राणीसरकार माहेरी जाताच महाराजांनी त्यावर अहोरात्र स्वतःचीच तसबीर झळकवली. काही महिन्यांनी राणी परतली, महाराजांनी हौसेने तिचं चित्र लावलं, तर नाकाखाली महाराजांचीच झुबकेदार मिशी, तीही काळ्याची पांढरीशुभ्र! राणी आल्या पावली माहेरी परत.

महाराज दिवाबत्तीवाल्या येसूवर कडाडले, "काय दिवे लावलेस हे! ती मिशी घालव. पण पडदा बदलायचा नाही, आणि आमची मिशी पुसलीस तर तो राजद्रोह. जमलं नाही तर दिवाबत्तीचं वतन गेलं म्हणून समज!"

आजीपासून चालत आलेलं वतन, त्यावरच येसूचं घर चालायचं. प्रधानजी जांभई देत म्हणाले, "शिकेकाई लावून बघ."

येसू पडद्यापुढे ठाण मांडून बसली. बाकी पडदा मळकट, मिशीच तेवढी तजेलदार. बघता बघता तिला खुदकन हसू आलं.

"महाराज, पुसायची कशाला? मिशीचा मान वाढवू की. सगळा पडदा काळा, मधोमध एकटी मिशी, पांढरी, पूर्ण तेजात, दिवसरात्र."

महाराज फुलून गेले. येता-जाता सरदार मिशीला मुजरा करू लागले. प्रधानजींनी तर हार घातला.

दसऱ्याला राणी आली. येसूने तिचं चित्र लावलं. चेहरा लख्ख, मिशीचा मागमूस नाही.

महाराज गरजले, "पुसलीस?"

"छे हो! तुमचा गोरा मुखडा उजळताना बाकीचे दिवे राबून झिजले. मिशी काळी, म्हणून तिथले दिवे गाढ झोपलेले, ताजेतवाने. मी त्यांनाही कामाला लावलं. आता सगळे सारखे झिजलेत."

राणी फिस्सकन हसली. महाराज तर पोट धरून हसले. "वतन तुझंच! आणखी काय हवं?"

येसूने पेंगणाऱ्या प्रधानजींकडे पाहिलं. "महाराज, दरबारात अजून एक दिवा झोपलाय."

प्रधानजी दचकून उठले. महाराजांनी हसत हसत त्यांची पगारी रजा येसूला दिली, आणि तिची वातींची टोपली प्रधानजींना.