अस्वलाच्या गुहेतला धूर

फार जुनी गोष्ट. डोंगरातल्या गुहेत अस्वलाचं चहाचं दुकान होतं. गिऱ्हाइकं आत बसून चिलीम ओढत. छताला पाकोळीचं घरटं होतं. तिची पिल्लं दिवसभर खोकत.

एकदा ससा पंचांचा हुकूम घेऊन आला. "अस्वलदादा, आजपासून गुहेत चिलीम बंद."

अस्वल भडकलं. "गुहा मी या नखांनी खणली. पंचांनी एक ढेकूळ तरी उचललं होतं का?"

"शाब्बास, अस्वलराव!" म्हणत कोल्ह्याने मोठा झुरका मारला.

तेवढ्यात वरून काहीतरी अस्वलासमोर पडलं. पाकोळीचं पिल्लू होतं. ते हललंच नाही.

अस्वलाने पंजात पिल्लू उचललं.

"कोल्ह्या, चिलीम घे आणि बाहेर हो," ते म्हणालं. "हा हुकूम पंचांचा नाही. माझा आहे."