मठ उठला आहे

"पोहोचली म्हणजे कोणाला पोहोचली?"

दारातल्या माणसाने चपलाही काढल्या नव्हत्या. काच तडकलेला एक मोबाईल त्याने हेमराजच्या तोंडासमोर धरला होता.

पंगत नुकती बसली होती. मी वरण वाढत होतो. भिकनबुवांचा पहिला घास हातातच राहिला.

"काय लिहिलंय ते वाचा," तो म्हणाला. "मोठ्याने वाचा."

हेमराजने वाचलं. खरं तर न बघताही त्याला म्हणता आलं असतं, वाक्य त्याचंच होतं.

"आपली हाक पोहोचली. मठ आपल्यासाठी उठला आहे."

"कोण उठलं?"



आमचा मठ हिवरघाटाच्या तोंडाशी आहे. परंपरा वगैरे सांगण्यासारखी काही नाही. दाराला एक घंटा आहे आणि मठाला एक नियम. घाटात चुकलेला, अडकलेला, आजारी, कोणीही घंटा वाजवली की ज्याला ऐकू येईल त्याने हातातलं टाकून उठायचं. जेवत असला तर ताट सोडून उठायचं. भिकनबुवा साठ वर्षं एवढंच करत आले. याहून वेगळं त्यांनी कोणाला काही शिकवल्याचं मला आठवत नाही.

हेमराज तीन वर्षांपूर्वी पुण्याची नोकरी सोडून आला. तिथे तो मोठमोठ्या कंपन्यांच्या वेबसाइट सांभाळायचा. "जी संस्था इंटरनेटवर दिसत नाही, ती नाहीच," असं तो आम्हाला समजावायचा आणि आम्ही माना डोलवायचो. मठाची वेबसाइट त्याने एकट्याने उभी केली. रोज सकाळी एक सुविचार, पंगतीचे वरून काढलेले फोटो, आणि पहिल्याच पानावर घंटा. बोट लावलं की वाजायची. आवाज आमच्याच घंटेचा, दाराशी उभं राहून रेकॉर्ड केलेला. मग एक चौकट उघडायची, आपली अडचण लिहा. लिहून झालं की ते वाक्य यायचं.

त्या वेळी बुवांनी एकच विचारलं होतं.

"वाजली की उठायचं कोणी?"

"ते प्रतीक आहे, बुवा," हेमराज हसत म्हणाला होता.

आम्हीही हसलो. बुवा थकले आता, असं मला वाटलं होतं. आज त्याची लाज वाटते.

"बस," बुवा त्या माणसाला म्हणाले. "कुठून आला?"

"सुरतेहून. बहिणीचा दहावा करून." तो उभाच राहिला. "मी सुपडू महाजन. तुम्हाला आठवणार नाही बुवा. लहानपणी आम्ही आईसोबत हा घाट उतरत होतो. धुकं पडलं. रस्ता दिसेना. कोकिळाचा हात घंटेला पुरत नव्हता, तर मी तिला उचलून धरलं. तिने वाजवली. तुम्ही धावत आला होता. हाताला पीठ होतं तुमच्या."

"भाकरीचं," बुवा म्हणाले.

त्यांना आठवलं की नाही, कोण जाणे.

"जन्मभर तेच सांगायची बिचारी. त्या मठाची घंटा वाजवली की माणूस येतंच." त्याने मोबाईल पुन्हा पुढे केला. "हा तिचा आहे. एकटी राहायची खोलीत. दम्याने अंथरुणाला खिळली. नऊ दिवस वाजवली तिने तुमची घंटा. बावीस वेळा. बावीस वेळा तुम्ही उठलात, असंच लिहिलंय इथे."

बुवांनी हेमराजकडे पाहिलं. "तिने काय लिहिलंय?"

हेमराजने मोबाईल घेतला. त्याचा आवाज नेहमी छान लागतो, सुविचार वाचतो तेव्हा तर फारच. आज लागेना.

"मी कोकिळा. लहानपणी तुमच्याकडे येऊन गेले आहे. दोन दिवस झाले, उठवत नाही. खोलीचा पत्ता लिहिते. कोणी येईल का?"

त्याने बोटाने पान सरकवलं. सरकवतच राहिला.

"शेवटचं वाच."

"तुम्ही निघालात ना? मी दाराची कडी काढून ठेवली आहे."

पंगतीत कोणी घास उचलला नाही.

"दहाव्या दिवशी शेजारणीने दार ढकललं," सुपडू म्हणाला. "कडी काढलेलीच होती."

…

"दादा, माझं ऐका," हेमराज म्हणाला. "हे निरोप एका जागी साठतात. ते कोणीतरी उघडायचे असतात. ते… राहून गेलं. आम्ही आकडे बघतो. किती लोक आले, कुठल्या गावाहून आले, किती वेळ थांबले…"

बोलता बोलता तो मध्येच थांबला. का थांबला ते मला कळलं. पंगतीतल्या सगळ्यांनाच कळलं असेल.

गेल्या महिन्यात अशाच एका दुपारी हेमराज पंगतीत उठून उभा राहिला होता. सुरतेतलं कोणीतरी आपल्या पानावर रोज सहा-सहा तास थांबतं, असं त्याने सांगितलं होतं. याला म्हणतात ओढ, म्हणाला होता. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

मीही वाजवल्या होत्या.

बुवांनी हातातला घास ताटात ठेवला.

"सुरतेत आपली माणसं किती? तू सांगत होता एकदा."

"तीनशे चौदा."

"मोबाईलवर निरोप जातो त्यांना?"

"रोज जातो."

"त्या नऊ दिवसांत काय पाठवू राहिला होता त्यांना?"

हेमराजने मान खाली घातली.

"सुविचार."

"कुठले?"

"आठवत नाही, बुवा."

सुपडू हसला. ते हसू मला बघवलं नाही.

"तुम्ही ते वाक्य लिहिलंच नसतं," तो हेमराजला म्हणाला, "तर तिने दुसऱ्या कोणाला तरी हाक मारली असती. तिला वाटलं, निघालेत, येतीलच. म्हणून पडून राहिली."

"दुसऱ्या कोणाला?" बुवांनी विचारलं.

सुपडूने हेमराजच्या हातातला मोबाईल काढून घेतला.

"दुसऱ्या कोणाला मारली असती, सुपडू?"

"मला."

"मग आधी तुलाच का नाही मारली?"

…

बाहेर घाटात एखादा ट्रक चढत असावा. त्याची घरघर बराच वेळ येत होती.

"मारली असेल," सुपडू म्हणाला. "मला कळलं नसतं. चार वर्षं आम्ही बोलत नव्हतो. आईच्या आजारपणात बोलाचाली झाली होती. तिचा नंबर मी माझ्या फोनमध्ये बंद करून टाकला होता. तिने लावला तरी माझा फोन वाजायचाच नाही."

एवढं बोलून तो खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. मला त्याचा राग आला नाही. हेमराजचाही येईना. नेमका कोणाचा यावा, तेच समजत नव्हतं.

बुवांनी त्याला रडू दिलं. मग म्हणाले, "अजून बंदच आहे?"

"काय?"

"तिचा नंबर."

"… हो."

"उघड."

"आता?" सुपडूने डोळे पुसले. "आता कोण करणार आहे फोन, बुवा? तिचा मोबाईल तर इथे माझ्या पुढ्यात आहे."

"उघड."

सुपडूने खिशातून स्वतःचा फोन काढला. त्याला काही ते जमेना. कुठे काय दाबायचं ते सापडत नव्हतं. शेवटी हेमराज त्याच्याशेजारी जाऊन बसला. इथे दाबा दादा, आता इथे. कोकिळाचं नाव दिसलं. सुपडूने डोळे मिटून दाबलं.

फोन वाजला नाही. वाजणार नव्हताच. तरी आम्ही सगळे त्याच्याकडे बघत राहिलो.

हेमराज बुवांसमोर येऊन उभा राहिला. तीन वर्षांत त्याला इतकं लहान झालेलं मी पाहिलं नव्हतं.

"बुवा, मी ती घंटा काढून टाकतो. आजच. सगळी वेबसाइटच बंद करतो."

"त्याने काय होईल?"

"पुन्हा कोणी फसणार नाही."

"आणि ज्यांनी वाजवलीय?"

बुवांनीच पुढे विचारलं.

"किती पडलेत न उघडलेले?"

तो आत गेला, लॅपटॉप घेऊन आला. उघडला. त्याचा चेहरा उतरला.

"अकराशे सहा."

बुवांनी ताट बाजूला सारलं. एक हात जमिनीवर टेकला, मग गुडघ्यावर. सत्त्याऐंशी वर्षांचं शरीर ते. मी आधाराला पुढे झालो, तर त्यांनी माझा हात ढकलून दिला. उभे राहिले. खांब हाताशी होता, त्यालाही टेकले नाहीत.

"वाच."

"सगळे?"

"पहिल्यापासून."

हेमराजने पडद्यावर पाहिलं. तारीख अडीच वर्षांपूर्वीची होती.

"मुलगी तीन दिवस घरी आली नाही. पोलीस ऐकून घेत नाहीत. आम्ही घाटाच्या अलीकडच्याच गावात आहोत. तुमच्यापैकी कोणी सोबत येईल का?"

त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अलीकडचं गाव आमच्या दारातून दिसतं.

पंगतीतले एकेक जण उठले. मी वरणाचं भांडं खाली ठेवलं. ताटं तशीच राहिली, वरणावर साय धरली. सुपडूही भिंतीला धरून उभा राहिला.

दुसरा निरोप झाला. तिसरा. बुवांचे पाय कापायला लागले होते.

"बुवा," हेमराज हात जोडून म्हणाला, "अकराशे आहेत. संध्याकाळ होईल. दोन घास खाऊन घ्या. बसून ऐका…"

बुवांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"तू लिहून ठेवलंय ना, मठ उठलाय म्हणून… वाच."