सुभान माळ्याचे तीन कंद

सांगत नाही म्हटलं तरी सोडणार आहात होय तुम्ही? घसा बसलाय, चहा गार झालाय, तरी म्हणे गोष्ट. बरं, ऐका. मधे बोलायचं नाही.

एका राज्यात रंग नव्हता. पूर्वी होता. पण रंगपंचमीला कुणाची तरी पिचकारी एका जादूगाराच्या पांढऱ्या दाढीवर उडाली, नि त्यानं चिडून सगळे रंग काढून नेले. पोपट राखाडी, राजाचा शेला राखाडी. हळद कुठली न कुंकू कुठलं कळेना, म्हणून भटजींनी लग्नं लावायचं सोडलं. राजबागेतल्या सुभान माळ्याची लेक गोजरा तीन वर्षं ठरलेलं लग्न घेऊन बसली होती. नवऱ्याकडचे म्हणाले, येत्या चैत्रापर्यंत थांबतो, पुढं नाही.

सुभानच्या डोक्यात काही शिरेना. त्यानं बांधावरच्या साळुंकीला विचारलं, "बाई, उपाय सांग."

साळुंकी म्हणाली, "तीन कामं. जादूगाराची दाढी विंचर आणि रंग माग. देईल ते आश्विनात पुर, टोक आभाळाकडं. मग चैत्रापर्यंत हात लावू नकोस."

"पाणी?"

"नको."

"खुरपणी?"

"नको म्हटलं ना, माळीबुवा."

सुभान सात डोंगर चढला, दाढी विंचरली. जादूगारानं खूश होऊन तीन कंद हातावर ठेवले. दिसायला थेट कांदे. सुभान चक्रावला. मागितला रंग, नि हे काय? तरी आश्विनात राजवाड्याच्या अंगणात त्यानं तिन्ही पुरले.

तिसरं काम अवघड. जन्म पाणी घालण्यात गेला, त्यानं नुसतं बसायचं. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला, माती गप्प. कंद जगले का मेले, कळेना. हात खुरप्याकडं जाई. गोजरा खुरपं पदराखाली लपवी. "बाबा, बसा की."

पौषात चंडवर्मा प्रधानानं एक कंद उकरून दरबारात आणला. "महाराज, रंग म्हणून यानं कांदे पुरलेत. आपल्या मुदपाकखान्यातले. कांदेचोर आहे हा."

राजानं कंद हुंगला. "वास येत नाही."

"थंडीनं गेला असेल, महाराज."

राजाही गोंधळला. "सुभान, कांदा आहे का हा?"

"मलाही ठाऊक नाही, महाराज."

दरबार हसला. राजा म्हणाला, "लबाड असता तर ठाऊक आहे म्हणाला असता. प्रधानजी, परत पुरा."

प्रधानानं पुरला; पण रागारागानं उलटा, टोक पाताळाकडं.

चैत्र उजाडला. पहिलं फूल पिवळं आलं, हळद पिवळी झाली. दुसरं निळं आलं, आभाळ निळं झालं. दोन्ही मिळून पोपट हिरवा. तिसरं येईना. कुंकू राखच. वऱ्हाड दाराशी, भटजी उठायच्या बेतात, आणि सुभान त्या मोकळ्या मातीकडं बघत उभा. चुकलं कुठं, हेच समजेना.

तेवढ्यात दरबारात फरशी तडकली. उलटा पुरलेला कोंब खाली गेला होता, वाट चुकून राजवाड्याखालनं फिरला होता, तो प्रधानाच्या आसनाखाली निघाला. आसन उलटलं, प्रधान आडवा, नि वर लालभडक फूल. गोजराच्या ताटातलं कुंकू लाल झालं.

अक्षता पडल्या, शाप सुटला, राज्याची घडी बसली. राजानं सुभानला आपला शेला दिला. लग्नाच्या पंगतीत पाच जिलब्या खाऊन उठला, पण कांदेचोर म्हटल्याची माफी ज्यानं आजतागायत मागितली नाही, तो चंडवर्मा प्रधान.