दहापैकी चार गुण

“म्हणजे बुवा, खरं मत कुणाचं धरायचं? खेळणाऱ्यांचं की समीक्षकाचं?”

धोंडबुवा मठाच्या ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“समीक्षक कोण?”

“मी.”

हे ‘मी’ शार्दूलनं अशा काही थाटात म्हटलं, की ऐकणाऱ्यानं सावरूनच बसावं. पण ओट्यावर बुवांखेरीज कुणी नव्हतं, आणि बुवा होते तसेच बसून राहिले. व्हिडिओ गेम खेळायचे आणि त्यांवर मत द्यायचं, हा शार्दूलचा धंदा. त्यात त्याचं नाव मोठं होतं, आणि हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

“भांडण कशावरून?”

शार्दूलनं सांगितलं. एक नवा गेम आलाय. त्यात ठरलेली वाट नाही, अख्खा मुलूख मोकळा. डोंगर, नद्या, गावं... घोडा हवा तिकडं पिटाळा, वाटेत दरोडेखोरांशी लढा. जगभरातले खेळाडू त्याच मुलखात एकमेकांना भेटतात. त्यानं लिहिलं, ‘देखणं, पण रिकामं जग’, आणि दहापैकी चार गुण दिले. झालं! खेळाडू त्याच्यावर तुटून पडले. एवढं गजबजलेलं जग याला रिकामं दिसतंच कसं, म्हणाले.

“लोकांचं सोडा, बुवा. पण अल्ताफ...”

त्यानं ओट्यावरचं एक टरफल उचलून चुरगाळलं.

“लहानपणापासूनचा दोस्त. दोघांत एकच रिमोट, आळीपाळीनं खेळायचो. त्यानं फोन केला, ‘गेममध्ये ये, मी तिथल्या टेकडीवर थांबतो.’ मी म्हटलं, माझा तो गेम कधीच खेळून झालाय, आणि तुला त्यातलं काही कळत नाही.”

“मग?”

“मग त्याचा फोन आला नाही.”

बुवांच्या हातात शेंगा फुटत राहिल्या. आपण उगाच आलो, असं शार्दूलला वाटलं. पण घरी परतायचंही त्याच्या जिवावर आलं होतं. त्याचं मत वाचणारे हजारो होते. जेवलास का, असं विचारणारा अल्ताफ एकटाच होता.

“वर येताना जत्रा लागली असेल,” बुवा म्हणाले. “कशी वाटली?”

“जत्रा? कसली जत्रा! माळावर खड्डे खणलेत, पाळण्याचा नुसता सांगाडा उभा आहे. चिटपाखरू नाही तिथं.”

“किती गुण देशील?”

शार्दूलला हसू आलं. “अहो, जत्रा भरायची आहे अजून! माणसं यायच्या आधीच कुणी...”

हसू अर्ध्यावरच राहिलं.

“तू त्या मुलखात कधी गेला होतास?” बुवांनी विचारलं.

“आधी,” शार्दूल हळूच म्हणाला. “आम्हा समीक्षकांना गेम बाजारात यायच्या आधी मिळतो. तो आला की त्याच दिवशी आमचं मत छापून यावं लागतं...”

“तेव्हा तिथं कोण होतं?”

“...कुणी नव्हतं.”

त्या अख्ख्या मुलखात तो एकटाच हिंडला होता. एकदा तर एका गावाच्या वेशीवर, कुणी येतंय का म्हणून, घोडा थांबवून बराच वेळ उभा राहिला होता. हे त्यानं लेखात लिहिलं नव्हतं. कुणाला सांगितलंही नव्हतं.

“मी चुकलो, असं लिहू?”

बुवांनी आणखी एक शेंग फोडली.

“लिहीनही, बुवा. पण अल्ताफला काय सांगू? त्या मुलखातली वाट न् वाट मला पाठ आहे. ओढा कुठं, उतार कुठं, टेकडीवर जायचं कुठून... सगळं ठाऊक आहे. त्याला काय सांगायचं, तेवढंच कळत नाही.”

बुवांनी मूठभर दाणे त्याच्या ओंजळीत घातले.

“काही सांगू नकोस,” ते म्हणाले. “त्याला वाट विचार.”